जुनी एमजीबी, दोन कार्ब आणि सकाळी न धरणारं इंजिन : कामाच्या नोंदी

४ ऑक्टोबर २०२५, शनिवार

गाडी १९६७ ची एमजीबी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १७९८ सीसी, इंजिनाच्या डाव्या अंगाला एसयू कंपनीचे दोन एचएस४ कार्ब, म्हणजे कार्ब्युरेटर. भाट्याच्या पुढे आमच्या वाडीत मांगरात, म्हणजे वाडीतल्या शेडमधे, चार महिने ताडपत्रीखाली उभी होती, जूनच्या आधी नीट चालत होती. आता सकाळी थंड इंजिनावर लांबच लांब सेल्फ मारावा लागतो, मग एकदोन फटके, कार्बमधून शिंक आल्यासारखा फुस्स आवाज, आणि शेवटी धरली तरी दोन सिलिंडरवर लटपटत. रत्नागिरीत जाऊन चहाला थांबलं आणि पंधरावीस मिनिटांनी परत सेल्फ मारला की पेट्रोलचा भपकारा येतो आणि गाडी ढिम्म.

कोणालाही विचारलं की पहिलं उत्तर येतं, 'कार्ब ट्युनिंग करून घ्या.' ते मी शेवटी ठेवलंय. दोन कार्बच्या गाडीत मिक्स्चरचे, म्हणजे पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारे नट आधी फिरवले की मूळ दोष कुठे होता ते परत कधीच कळत नाही, कारण एकाचा दोष दुसऱ्याच्या सेटिंगने झाकला जातो आणि गाडी कशीबशी चालते. म्हणून दोन्ही नट आत्ता कुठे आहेत त्यावर नेलपॉलिशची खूण केली आणि हात लावला नाही.

आज फक्त एक काम. सेल्फ मारून गाडी धरली नाही तेव्हा लगेच चारही प्लग काढून क्रमाने पुठ्ठ्यावर ठेवले. १ आणि २ कोरडे, टोकाला पांढरट. ३ आणि ४ काळे, ओले, हाताला पेट्रोल लागतंय. या इंजिनाच्या हेडला इनटेकची दोनच भोकं आहेत, पुढचा कार्ब १-२ ला आणि मागचा ३-४ ला देतो, मधे बॅलन्स पाईप आहे पण थंड इंजिनाला त्याचा फारसा आधार नाही. म्हणजे पुढचा कार्ब उपाशी आणि मागचा तुडुंब. ही पुठ्ठ्यावरची मांडणी पुढच्या सगळ्या कामात उपयोगी पडली, तुमची दोन कार्बची कुठलीही गाडी असो, आधी हे करा.

कॉम्प्रेशन पण बघून घेतलं, चारही १४५ ते १५२ पीएसआयच्या मधे. इंजिन ठणठणीत आहे, जीव भांड्यात पडला.

५ ऑक्टोबर, रविवार

आमच्या नाक्यावरचे मिस्त्रीकाका बघायला आले. त्यांनी उभा जन्म अँबेसिडर टॅक्सीवर काढलाय आणि हे इथे मुद्दाम लिहितोय, कारण अँबेसिडरचं १४८९ सीसी इंजिन आणि एमजीबीचं इंजिन दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीजचीच. टॅपेट, पॉइंट, फायरिंग ऑर्डर १-३-४-२, सगळं त्यांच्या हातातलं, आणि अँबेसिडरचा कार्बही एसयूच. एमजी कोणी बघितलेला माणूस कोकणात शोधत बसू नका, जुना अँबेसिडरवाला शोधा.

काका म्हणाले, "अरे, दोन्ही काढ आणि अँबेसिडरचा एक बसव. आयुष्यभर बघायला नको." मी म्हटलं, काका, ही गाडी दोन कार्बवरच राहणार, तुम्ही फक्त इलेक्ट्रिक बघायला मदत करा.

ही गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे, बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला. सीटच्या मागे गाडीच्या फ्लोअरखाली ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमधे. मल्टिमीटरची एक वायर बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, दुसरी थेट इंजिन ब्लॉकवर धरली आणि सेल्फ मारला, मीटरवर १.७ व्होल्ट आले. अर्धा व्होल्टच्या आत यायला हवेत. म्हणजे सेल्फला आणि कॉइलला जे मिळायला पाहिजे ते वाटेतच खाल्लं जातंय. इंजिन आणि बॉडीमधली अर्थची विणलेली पट्टी सोडली तर बोल्टखाली हिरवी पूड, पट्टीच्या तारा हातात तुटून आल्या. वरून बघायला ती पट्टी चांगली दिसत होती. खारी हवा अशीच काम करते, जिथे दोन धातू दाबून बसवलेत तिथे आत शिरते.

नवीन पट्टी, दोन्ही टोकांना काच कागदाने पत्रा लख्ख केला, बोल्ट आवळून वरून ग्रीस. बॅटऱ्यांना जोडणारी मधली वायर पण बदलली. आता तेच माप ०.३ व्होल्ट आणि सेल्फ फिरण्याचा आवाजच वेगळा. खर्च ४५० रुपये.

दुसरी गोष्ट काकांनी पकडली. कॉइल कधीतरी आधीच्या मालकाने बदललेली, त्यावर प्लस-मायनसच्या खुणा, आणि मायनसची वायर डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे आजकालच्या गाड्यांसारखी. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत कॉइलचा प्लस डिस्ट्रिब्युटरकडे जायला पाहिजे. उलटी लावली तरी ठिणगी पडते, गाडी चालते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पण ठिणगी उलट्या दिशेने उडी मारते आणि त्यासाठी जास्त व्होल्टेज लागतं. गरम इंजिन, कोरडी हवा असेल तर निभावतं, ऑक्टोबरच्या सकाळी दवात आणि ओल्या प्लगवर नाही. दोन वायरींची अदलाबदल, खर्च शून्य.

११ ऑक्टोबर, शनिवार

डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट घासले, गॅप ०.०१५ इंच, प्लग गॅप ०.०२५. नवीन कंडेन्सर ऑनलाइन मागवलेला तो लावला आणि गाडी गरम झाल्यावर मिसिंग सुरू. संध्याकाळ सगळी वायरिंग तपासण्यात गेली. शेवटी जुना कंडेन्सर परत बसवला तर मिसिंग गायब. आता नियम केलाय, चालत असलेला जुना कंडेन्सर फेकायचा नाही, आणि एका वेळी एकच पार्ट बदलायचा. ३८० रुपये आणि एक संध्याकाळ गेली.

सकाळी स्टार्टला फरक आहे, आधीच्या निम्म्या वेळात धरते. पण प्लग पुठ्ठ्यावर मांडले तर चित्र तेच, १-२ कोरडे, ३-४ ओले. म्हणजे आता पेट्रोलकडे.

१२ ऑक्टोबर, रविवार

स्विच ऑन केला की मागे बॅटरीच्या खोक्याजवळ एसयूचा पंप टकटक करतो. फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बला जोडलेल्या पेट्रोलच्या छोट्या वाट्या, भरले की त्याने गप्प बसायला हवं. आपला पंप जोरात टकटकतो, मग मंदावतो, पण थांबत नाही, दर काही सेकंदांनी एक टक. इंजिन बंद असताना पंप टकटकतोय म्हणजे पेट्रोल कुठेतरी जातंय. टॉर्च घेऊन वाकलो तर मागच्या कार्बच्या ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब, आणि ती नळी सरळ एक्झॉस्टच्या बाजूला. हे वाचणाऱ्याने एवढं नक्की करावं, पहिल्या दिवसापासून गाडीजवळ आग विझवायचा सिलिंडर ठेवा आणि स्विच ऑन ठेवून उठून जाऊ नका.

मागच्या फ्लोट चेंबरचं झाकण काढलं. नीडल (फ्लोट वर आला की पेट्रोल अडवणारी सुई) आणि तिच्या सीटच्या मधे काळे बारीक कण, बोटाने चिरडले की शाईसारखे पसरतात. ते रबर आहे. पेट्रोलचा पाईप मधून कापला तर बाहेरून नवा, आतून चिकट आणि सोललेला. आता पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, त्यातलं इथेनॉल जुन्या रबराला आतून खातं, कण सुटतात आणि सगळ्यात अरुंद जागी, म्हणजे नीडलखाली जाऊन बसतात.

टाकीतून काचेच्या बाटलीत नमुना काढून मांगराच्या दारात ठेवला. थोड्या वेळाने तळाशी गढूळ वेगळा थर, वर पेट्रोल. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून खाली बसतात. टाकी अर्धी रिकामी, झाकणाला हवेचं भोक, बाहेर चार महिने कोकणातला पाऊस, दुसरं काय होणार. सगळं पेट्रोल काढलं, टाकी धुतली, नवीन दहा लिटर भरलं. पुढच्या वर्षी एक तर काठोकाठ भरून ठेवायची नाहीतर पूर्ण कोरडी.

पाईप घेताना दुकानात नुसतं 'पेट्रोल पाईप द्या' म्हणू नका, पाईपवर एसएई जे३० आर९ छापलेलं बघून घ्या, तो इथेनॉलला टिकतो. रत्नागिरीत मिळाला नाही, कोल्हापूरहून येणाऱ्या एसटीत पार्सल मागवला. क्लिपांसकट ९६० रुपये. विटॉनच्या (इथेनॉलला टिकणारं रबर) टोकाच्या नीडल, फ्लोट, जेट आणि गॅस्केटचा सेट इंग्लंडहून मागवला, कस्टम धरून १४,६०० झाले. पैसे लागले, पण फ्लोट हलवून बघितला तेव्हा आत पेट्रोल डुचमळत होतं, म्हणजे तो बदलण्याशिवाय उपाय नव्हता.

१८ ऑक्टोबर, शनिवार

पार्ट यायचेत. तोवर पुढचा कार्ब उपाशी का, ते शोधायचं.

एसयूचा चोक बाकी कार्बसारखा हवा अडवत नाही. नॉब ओढला की खालचं जेट, म्हणजे पेट्रोल येतं ती नळी, खाली सरकतं आणि त्यात पिस्टनला लटकलेल्या दुसऱ्या नीडलभोवतीची फट वाढून पेट्रोल जास्त येतं. आणि यात ॲक्सिलरेटर पंप नसतो, म्हणजे स्टार्ट करण्याआधी पेडल भसाभस दाबून काही उपयोग नाही, एक थेंबही जास्त येत नाही. पुतण्याला सीटवर बसवलं, मी गाडीखाली आरसा आणि टॉर्च घेऊन आडवा.

"ओढ."

"ओढला काका."

"अजून."

"पूर्ण ओढलाय, आता येत नाही."

मागच्या कार्बचं जेट छान खाली आलेलं, त्याची पांढरी नायलॉनची नळी पण वाकलेली दिसतेय. पुढच्याचं जागच्या जागी. लिव्हर हलतोय, पण दोन कार्बच्या मधल्या दांडीवरचा क्लॅम्प सैल असल्याने दांडी नुसती फिरतेय. क्लॅम्प आवळला तरी जेट अडखळत खाली आलं आणि सोडल्यावर वर गेलंच नाही. बाहेर काढून बघितलं तर बाजूला चहाच्या रंगाचा चिकट लेप, उभ्या गाडीतलं पेट्रोल वाळून झालेला. थिनरमधे बुडवून सुती कापडाने पुसलं, काच कागद अजिबात नाही. परत बसवून हाताने सोडलं, आता सरसर वर-खाली जातं.

म्हणजे सकाळी चोक ओढायचो तेव्हा पुढच्याला काहीच जास्त मिळत नव्हतं, आणि मागचा आधीच ओव्हरफ्लो, त्यावर पूर्ण चोक. पुठ्ठ्यावरच्या चार प्लगांचा हिशेब इथे जुळला.

कार्बच्या वरचे डॅशपॉटही, म्हणजे कार्बच्या पिस्टनवरच्या टोप्या, उघडले. एकाचा पिस्टन बोटाने उचलून सोडला की खट् आवाज करून खाली बसतो, तसाच बसायला हवा. पुढच्याचा अर्ध्यात रेंगाळतो. आत ॲल्युमिनियमवर पांढरी बुरशीसारखी पूड, दमट हवेत उभं राहिल्याची. थिनर आणि कापडाने साफ, मग खट्. एक सांभाळा, पिस्टन आणि त्याची टोपी ही जोडी असते, पुढची मागच्याला लावायची नाही. मी दोन वेगळ्या ताटात ठेवली होती. डॅम्परमधे एसएई २० ऑइल टाकलं.

यानंतर दिवाळी.

२६ ऑक्टोबर, रविवार

थंड स्टार्ट बराच सुधारला, पण स्लोवर गाडी वरखाली होते, आणि चोक थोडा आत ढकलला की कार्बमधून फुस्स. थ्रॉटलच्या स्पिंडलची, म्हणजे हवेची झडप फिरवणाऱ्या दांडीची, टोकं बोटाने हलवली तर मागच्या कार्बची चक्क कटकटते. गाडी थंड असतानाच, एक्झॉस्ट तापायच्या आत, कार्ब क्लीनरचा अगदी छोटा फवारा टोकाजवळ मारला आणि इंजिनाचा आवाज लगेच बदलला. हवा तिथून आत जातेय. गरम इंजिनावर हा प्रयोग करू नका.

रत्नागिरीत मिऱ्या रोडला एका लेथवाल्याने नुसती स्पिंडल बदलून देतो सांगितलं. पण भोक लांबोळं झालं असेल तर नवी स्पिंडल पण तेवढीच हलणार. म्हणून दोन्ही कार्बच्या बॉड्या घेऊन आंबा घाट चढून कोल्हापूरला, शिवाजी उद्यमनगरात.

१ नोव्हेंबर, शनिवार

उद्यमनगरातल्या कारागिराने बॉडी हातात घेतली, नवी पिन घालून उजेडात धरली आणि म्हणाला, "भाऊ, पिन सरळ हाय, भोक वाकडं हाय." दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत रीम करून पितळी बुश बसवले. एका बाजूने एक आणि दुसऱ्या बाजूने एक असं वेगवेगळं केलं तर स्पिंडल अडकते, हे त्याने मी न सांगता स्वतःहून नीट केलं. दोन कार्बचे मिळून २,८०० घेतले. मला हे काम सगळ्यात आवडलं, बुशमधे स्पिंडल घातली की हलत नाही आणि तरी स्वतःच्या वजनाने फिरते.

बटरफ्लायची चकती दोन पितळी स्क्रूंवर असते, टोकाला चिरलेले असतात आणि बसवल्यावर ती टोकं फाकवायची असतात. जुने परत वापरायचे नाहीत. त्यातला एक जरी सुटला तर सरळ सिलिंडरमधे जातो. चकती पूर्ण बंद करून, उजेडाकडे धरून, सगळीकडून सारखी फट दिसेपर्यंत सरकवली आणि मगच आवळली.

९ नोव्हेंबर, रविवार

इंग्लंडचं पार्सल आलं. फ्लोट बसवताना झाकण उलटं धरून फ्लोटच्या दांडीखाली ३.२ मिमीचं ड्रिल बिट, म्हणजे एक अष्टमांश इंच, हलकं अडेल एवढी उंची ठेवली. दोन्ही झाकणांना एकच बिट, म्हणजे लेव्हल सारखी. स्विच ऑन केला, पंप भराभर टकटकला, मंदावला आणि पूर्ण थांबला. आईने मांगरात डोकावून विचारलं, "बंद पडला का रे?" म्हटलं, नाही आई, आत्ता बरा झाला.

कार्बखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवून तासाभराने बघितलं. डाग नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

आता ट्युनिंग. मिस्त्रीकाका पण आले.

दोन्ही जेट वरपर्यंत, कार्बच्या आत पिस्टनखाली असतो त्या पुलाच्या पातळीत आणले आणि नट बारा फ्लॅट खाली, फ्लॅट म्हणजे षटकोनी नटची एक बाजू, म्हणजे दोन पूर्ण फेरे. मधल्या दांडीचे क्लॅम्प सैल केले, म्हणजे दोन्ही कार्ब एकमेकांपासून सुटे. गाडी गरम करून रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं आळीपाळीने दोन्ही कार्बच्या तोंडाला, सूंऽऽ आवाज दोन्हीकडे सारखा येईपर्यंत स्लोचे स्क्रू. मग क्लॅम्प आवळले, परत ऐकलं, कारण आवळताना एक जण हमखास सरकतो. सरकलाच होता.

मिक्स्चरसाठी पिस्टन खालच्या पिनने जेमतेम मिलिमीटरभर उचलायचा. आवाज चढून चढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन बसायला लागलं तर कमी, किंचित चढून परत जागेवर आला तर बरोबर. बारा फ्लॅटवर दोन्हीकडे इंजिन बसत होतं. पेट्रोल जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, ई२० ला १३.५ च्या आसपास, म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. जुन्या मॅन्युअलचं सेटिंग आजच्या पेट्रोलला कोरडं पडतं. पुढचा दीड फ्लॅट आणि मागचा एक फ्लॅट अजून खाली गेला तेव्हा दोन्हीकडे आवाज किंचित चढून परत आला. काका तोवर नळी कानातून काढायला तयार नव्हते. जाताना म्हणाले, "राहू देत दोन्ही. बरे बोलतायत."

शेवटी चोकची दांडी. सुरुवातीच्या थोड्या ओढीत फक्त फास्ट आयडल, म्हणजे थंड इंजिनाचा वाढीव स्लो, चढलं पाहिजे, मग दोन्ही जेट एकदम खाली. परत पुतण्या सीटवर, मी आरशासह खाली, दोन्ही नळ्या एकदमच वाकल्या.

२३ नोव्हेंबर, रविवार

थंडी पडायला लागली, सकाळी दव. पूर्ण चोक, पेडलला पाय नाही, सेल्फ मारला आणि दोनतीन फेऱ्यांत धरली, चारही सिलिंडरवर. मिनिटाभरात चोक अर्धा आत. भाट्याच्या पुलावरून रत्नागिरी, तिथून परत, मग चार प्लग पुठ्ठ्यावर. चारही बिस्किटाच्या रंगाचे, कुठला पुढचा आणि कुठला मागचा ते खुणेशिवाय सांगता येऊ नये इतके सारखे.

दुपारी गरम स्टार्टला अजून चार-पाच सेकंद सेल्फ लागतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बरोब्बर कार्बच्या खाली आहे, गाडी बंद केली की ती धग वर येते आणि फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळतं. चोक न ओढता पेडल अर्धं दाबून धरायचं आणि सेल्फ मारायचा, धरली की सोडायचं. बाजारात थांबलो तर बॉनेट एक खाच उघडून ठेवतो, तेवढ्यानेही फरक पडतो.

७ डिसेंबर, रविवार

हीट शील्डच्या मागच्या बाजूचं इन्सुलेशन पूर्ण झडलंय, तेच दुपारच्या त्रासाचं उरलेलं कारण. जुनं खरवडताना मास्क आणि ओलं कापड वापरलं, त्या काळातल्या अशा थरांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, कोरडं घासू नये. नवीन सिरॅमिकचा कागद आणि कार्बखालचे जाड स्पेसर मागवलेत, साडेतीन हजारांच्या आसपास जातील. ते बसले की एप्रिलच्या उन्हात पावस-रत्नागिरी करून गरम स्टार्टची नोंद इथे टाकतो.